मालक बदलताना संप का होतो

तळेगावच्या मोटार कारखान्याची गोष्ट पुणे जिल्ह्यात सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते. जनरल मोटर्सने 2008 मध्ये तिथे गाड्या बनवायला सुरुवात केली. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीपुरतं उत्पादन चालू ठेवलं आणि डिसेंबर 2020 मध्ये तेही बंद केलं. कारखाना आधी ग्रेट वॉल या चिनी कंपनीकडे जायचा होता. जून 2020 मध्ये त्या कंपनीने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, त्याच सुमारास गलवानची चकमक झाली, आणि सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी लागते या नियमात तो व्यवहार जो रुतला तो 2022 मध्ये मोडलाच. मग ह्युंदाई आली. ऑगस्ट 2023 मध्ये करारावर सह्या झाल्या आणि जानेवारी 2024 मध्ये व्यवहार पुरा झाला.

या तारखांच्या मध्ये हजाराहून अधिक कामगार अडकले होते. ले-ऑफ, कपातीच्या नोटिसा, कामगार आयुक्तांकडच्या बैठका, न्यायालयाच्या तारखा यांत त्यांची तीन वर्षं गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये ते उपोषणाला बसले. मागणी साधी होती. नवी कंपनी याच जागेवर मोटारीच बनवणार आहे, आम्हाला मोटारी बनवता येतात, तर आम्हाला कामावर घ्या.

त्या दिवसांत आमच्या भागात, चहाच्या टपरीवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर, एक वाक्य सारखं कानावर यायचं: एवढी मोठी गुंतवणूक येतेय आणि हे लोक आडवे पडलेत. बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांतल्या अनेकांची मुलं याच पट्ट्यात नोकरी शोधत होती. पण त्या वाक्यात एक गैरसमज आहे आणि तो फार खोलवर रुजला आहे. मालक बदलताना कामगार आडवा येतो असं आपण म्हणतो, कारण त्या व्यवहारात उभं राहायला त्याला दुसरी जागाच ठेवलेली नाही हे आपल्याला दिसत नाही. आपला कायदा कामगाराला नव्या मालकाला ‘नको’ म्हणायचा हक्क देतो, ‘मला घे’ म्हणायचा देत नाही. ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे त्याला पहिल्या हक्काचा उपयोग नसतो. त्याला दुसरा हवा असतो. तो मिळवायचा तर त्याच्या हातात संपाखेरीज काही उरत नाही, आणि बंद पडलेल्या कारखान्यात तर संपही करता येत नाही. तळेगावचे कामगार उपोषणाला बसले ते त्यामुळे. थांबवायला लाइनच चालू नव्हती.

कंपनी विकली जाते म्हणजे नेमकं काय विकलं जातं, हे गेटच्या आतल्या माणसाला बहुतेक वेळा वर्तमानपत्रातून कळतं. विक्रीचे रस्ते तीन. पहिल्यात शेअर विकले जातात. मालक बदलतो, पण कंपनी तीच राहते, त्यामुळे कायद्याच्या लेखी कामगाराच्या आयुष्यात काहीच घडलेलं नसतं. दुसऱ्यात चालता उद्योग उचलून दुसऱ्या कंपनीकडे दिला जातो. तिथे औद्योगिक विवाद कायद्याचं, मालकबदलात कामगाराला भरपाई देणारं 25-एफएफ हे कलम लागू व्हायचं. तिसऱ्यात फक्त जमीन, इमारती आणि यंत्रं विकली जातात. आधी कारखाना ‘बंद’ झालेला असतो, कामगारांचा हिशेब ‘फुल अँड फायनल’ झालेला असतो किंवा न्यायालयात लटकलेला असतो, आणि खरेदीदार म्हणतो की मी माणसं घेतलेलीच नाहीत, शेड घेतली आहे. तळेगावचा व्यवहार या तिसऱ्या जातीचा होता. शेड तीच राहिली, रस्ता तोच राहिला, काम पुन्हा मोटारींचंच आलं. फक्त कागदावर मधे एक रिकामी जागा पडली आणि त्या जागेत हजार घरं गेली.

दुसरं काही शक्यच नव्हतं, असं म्हणता येत नाही. फोर्डने गुजरातेत साणंदला गाड्या बनवणं थांबवलं, तेव्हा तो कारखाना टाटा मोटर्सच्या उपकंपनीने घेतला. ऑगस्ट 2022 चा करार, किंमत 725 कोटी 70 लाख रुपये, आणि जानेवारी 2023 मध्ये ताबा. तिथेही लाइन बंद होती, तिथेही नव्या मालकाला वेगळ्या गाड्या बनवायच्या होत्या आणि यंत्रं बदलायची होती. पण त्या करारात जमीन, इमारती, यंत्रं यांच्या जोडीला पात्र कामगारांनाही सामावून घेण्याचं कलम होतं. दोन कारखाने, दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी सोडलेले, दोन्ही मोटारींचे, जवळपास एकाच काळातले. फरक पडला तो करारातल्या एका कलमाने. आणि ते कलम घालायचं की नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर कामगार कुठेच नसतो.

हा प्रश्न आजचा नाही. या देशात मालकबदलाबाबतचा कायदा ज्या खटल्यातून निघाला तो सोलापूर जिल्ह्यातला आहे, आणि याची आठवण आपण मराठी लोकांनी ठेवलेली नाही याचं मला वाईट वाटतं. बार्शी लाइट रेल्वे म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी अशी 1897 मध्ये सुरू झालेली अडीच फुटी रुळांची गाडी. पुढे ती एका बाजूला पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला लातूरपर्यंत गेली. आषाढीला या गाडीने वारकरी गेले, एरवी कापूस आणि शेंगा गेल्या. ती एका खासगी कंपनीची होती. 1 जानेवारी 1954 पासून सरकारने ती विकत घेतली.

त्याआधी नोव्हेंबर 1953 मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या नोकरांना नोटीस दिली: 31 डिसेंबरला तुमची नोकरी संपते; जे काम करायला तयार असतील त्यांना सरकार घेऊ इच्छितं, त्या नोकरीच्या अटी मागाहून कळतील. मी तो निकाल वाचताना या मजकुरापाशी थांबलो होतो. इंजिनात कोळसा टाकणारा, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधला फिटर, फाटकावरचा माणूस, या सगळ्यांना सांगितलं गेलं की तुमची जुनी नोकरी कधी संपते ती तारीख नक्की आहे, पण पुढच्या नोकरीच्या अटी अजून ठरायच्या आहेत. सत्तर वर्षांनंतर या पट्ट्यात मी ज्या नोटिसा वाचतो त्यांची भाषा सुबक झाली आहे, मजकूर तोच आहे.

त्या नोटिशीच्या काहीच दिवस आधी, 24 ऑक्टोबर 1953 पासून, कपात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आली होती. युनियनने ती मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 27 नोव्हेंबर 1956 रोजी निकाल फिरला. न्यायालय म्हणालं, कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा कामगार कमी करणं. मालकच बदलला किंवा धंदाच बंद झाला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाईही नाही. शब्दार्थ बरोबर लावला गेला आणि माणसं रिकाम्या हाताने उभी राहिली.

देशभरातल्या युनियन खवळल्या. 1957 मध्ये आधी वटहुकूम निघाला, मग कायदा झाला आणि 25-एफएफ हे कलम नव्या रूपात आलं. मालक बदलला तर कामगाराला कपात झाल्यासारखीच नोटीस आणि भरपाई द्यायची. फक्त तीन गोष्टी पाळल्या तर भरपाईतून सुटका: नोकरीत खंड पडता कामा नये, अटी आधीपेक्षा वाईट असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झाली तर आधीची सगळी वर्षं धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील असला पाहिजे. कलम चांगलं होतं. ते 28 नोव्हेंबर 1956 पासून लागू झालं, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या लढ्यातून ते जन्माला आलं, त्या बार्शी लाइनच्या कामगारांना त्याचा उपयोग झाला नाही.

पुढे त्या कलमाचा अर्थ कसा लावला गेला तेही पाहायला हवं. आंध्रातल्या अनकापल्लीचा साखर कारखाना एका खासगी कंपनीकडून सहकारी सोसायटीने विकत घेतला. सोसायटीने काही कामगार घेतले, काही घेतले नाहीत. न घेतलेल्यांनी कामाची मागणी केली. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला की जुन्या मालकाकडून भरपाईही घ्यायची आणि नव्या मालकाकडे नोकरीही मागायची हा दुहेरी लाभ झाला, तो न्याय्य नाही. गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, कामगार कायद्याला आकार देणाऱ्या थोर न्यायाधीशांपैकी एक. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला म्हणावंसं वाटतं की या निकालाने एक दार कायमचं लोटून घेतलं. भरपाई मिळाली की कामगाराचा त्या कामाशी संबंध संपला, असं ठरून गेलं. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही चाळिशीतल्या फिटरच्या उरलेल्या अठरा वर्षांची किंमत होऊ शकते का, हा प्रश्न मागे राहिला.

‘नको’ म्हणण्याचा हक्क मात्र पक्का होत गेला. त्याचं मूळ इंग्लंडातल्या एका खाणकामगाराच्या खटल्यात आहे. 1937 मध्ये त्याची कंपनी दुसरीत विलीन झाली, त्याला कोणी विचारलं नाही. तो कामावर गेला नाही म्हणून नव्या कंपनीने त्याच्यावर दावा लावला. 1940 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फेटाळला. लॉर्ड ॲटकिन यांचं म्हणणं असं की आपण कोणाची चाकरी करायची हे ठरवण्याचा अधिकार हाच नोकर आणि वेठबिगार यांच्यातला मोठा फरक आहे. आपल्याकडे 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि त्याचे अध्यापक डॉ. जवाटकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व धरलं, आणि 2011 मध्ये फिलिप्सचा कोलकात्याचा कारखाना व्हिडिओकॉनकडे गेला त्या प्रकरणातही. संमतीशिवाय कामगार दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, कारण तो यंत्रासारखी वस्तू नाही. हे तत्त्व मला मनापासून मान्य आहे. पण त्याचा उरलेला अर्धा भाग कुणी लिहिलेला नाही. ज्याला वस्तूसारखं देता येत नाही, त्याला अडगळीसारखं मागे टाकूनही जाता येऊ नये.

हे मी नुसत्या निकालांच्या वाचनावरून म्हणत नाही. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात 1981 मध्ये लागले. 1998 मध्ये कारखाना दुसऱ्या कंपनीने घेतला. त्या आठवड्यात ते सेकंड शिफ्टहून रात्री साडेबाराला आले तेव्हा त्यांच्या डब्याच्या पिशवीत दोन कागद होते. एक राजीनामा, ‘वैयक्तिक कारणास्तव’, टाइप केलेला, खाली सहीसाठी जागा सोडलेली. दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं. दोन्हींवर सही करायची किंवा एकावरही नाही. आईने विचारलं, वैयक्तिक कारण कोणतं? वडील म्हणाले, तेच की मला सोडायचं नाहीये. पहाटेपर्यंत ते जागे होते. सकाळी त्यांनी सही केली. तीन दिवस गेटवर संप झाला होता, तो मोडला होता, आणि त्या तीन दिवसांचा पगार कापून उरलेला हिशेब त्यांच्या हाती आला.

राजीनामा दिल्यामुळे भरपाईचा प्रश्नच उरला नाही. ग्रॅच्युइटी मिळाली, ती अशी: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 5,200 रुपये, महिना 26 दिवसांचा धरून त्याचे 15 दिवसांचे 3,000, गुणिले 17 वर्षं, म्हणजे 51,000. पुढे 2011 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा पगार 20,800 होता. 15 दिवसांचे 12,000, गुणिले 13 वर्षं, 1,56,000. दोन्ही मिळून 2,07,000. नोकरी सलग धरली असती तर शेवटच्या पगारावर 30 वर्षांचे 3,60,000 झाले असते. कोणी म्हणेल, पहिले 51,000 बँकेत ठेवले असते तर फरक बराच भरून निघाला असता. ज्याच्या घरावर सोसायटीचं कर्ज आहे आणि ज्याला पुढच्या महिन्यात नोकरी असेल की नाही ठाऊक नाही, तो पैसे ठेवीत ठेवत नाही. ते त्याच महिन्यात कर्जात गेले. शिवाय सतरा वर्षांची सिनिऑरिटी गेली, साठलेली रजा गेली, आणि वडील आपल्याच हाताखाली शिकलेल्या मुलांबरोबर नव्या टोकन नंबराने पहिल्या दिवसापासून मोजले जाऊ लागले. पैशांचा हिशेब मांडता येतो. या गोष्टीचा येत नाही.

‘वैयक्तिक कारणास्तव’ ही एक ओळ 25-एफएफसारख्या तरतुदीला बगल द्यायला पुरते. म्हणून मला वाटतं की मालकबदलाच्या आगेमागे सहा महिन्यांत घेतलेला कोणताही राजीनामा स्वेच्छेचा नाही असं कायद्याने धरून चालावं. तो स्वेच्छेचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर टाकावी.

आता संपाकडे येऊ. मालकबदलाच्या वेळचे संप दोन प्रकारचे असतात, सह्यांच्या आधीचे आणि सह्यांनंतरचे. त्यांचं नशीब फार वेगळं असतं. जानेवारी 2023 मध्ये महावितरण, महापारेषण आणि महानिर्मितीच्या कर्मचाऱ्यांनी 72 तासांचा संप पुकारला. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या भागांत समांतर वीजवितरणाचा परवाना अदानी समूहातल्या कंपनीने मागितला होता, परवाना अजून मिळालेला नव्हता. सरकारने मेस्मा हा अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा लावला, तरी कर्मचारी बाहेर पडले. त्याच दिवशी ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बैठक झाली, खासगीकरण करणार नाही असं आश्वासन मिळालं आणि संध्याकाळपर्यंत संप मिटला. लोकांची गैरसोय झाली, काही भागांत वीज गेली. पण ती एका दिवसाची होती.

उलट बाल्कोचं बघा. 2001 मध्ये सरकारने छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या ॲल्युमिनियम कंपनीचे 51 टक्के शेअर स्टरलाइटला विकले. कामगारांनी 67 दिवस संप केला. तिथल्या राज्य सरकारचीही त्यांना साथ होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्गुंतवणूक हे धोरण आहे, कर्मचाऱ्यांना त्यावर नकाराधिकार नाही, आणि विक्रीआधी त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे असंही नाही. 67 दिवसांचा पगार, 67 दिवसांचं उत्पादन, भट्ट्यांचं नुकसान, हे सगळं झालं ते व्यवहार होऊन गेल्यावर. यात कोणाचा फायदा झाला? नव्या मालकाचाही नाही.

कोणत्याही व्यवस्थापकाने या दोन संपांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावं. कामगारांशी आधी बोलणं ही त्यांच्यावर केलेली मेहेरबानी नाही. त्याने संप छोटा होतो किंवा टळतो. पण आपण कायदा उलट्या दिशेने नेला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेत आता प्रत्येक उद्योगात संपाआधी 14 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. पूर्वी हा नियम सार्वजनिक उपयुक्त सेवांपुरता होता. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकदम किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. कामगाराने संपाआधी 14 दिवस कळवावं, हे एक वेळ मान्य करू. मग मालकाने कारखाना विकण्याआधी किती दिवस कळवावं? गुप्ततेच्या नावाखाली तो आकडा प्रत्यक्षात शून्य असतो.

खरेदीदाराची बाजू मला कळत नाही असं नाही. तीन वर्षं बंद असलेला कारखाना घेणारा स्वतःचं तंत्रज्ञान, स्वतःची पद्धत घेऊन येतो. जुन्या कंपनीचे करार, जुने वाद, जुनी देणी अंगावर येणार असतील तर तो दुसऱ्या राज्यात कोरी जमीन घेईल. ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेणाऱ्या युनियन नेत्यांशी माझे वाद झालेले आहेत. प्रत्येक माणूस, प्रत्येक अट, जशीच्या तशी असा हट्ट धरला तर मेलेले कारखाने मेलेलेच राहतील. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आपण पाहिलं आहे. पण खरेदीदार किंमत ठरवताना जमिनीखालच्या प्रदूषणाचा हिशेब करतो, थकलेल्या करांचा करतो, छपराच्या दुरुस्तीचा करतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घेतो. कामगारांचं दायित्वही तसंच हिशेबात धरता येतं. साणंदला धरलं गेलं. ते धरावं लागेल हे आधीच ठाऊक असलं तर गुंतवणूक पळत नाही, किंमत बदलते, आणि तो भार विकणाऱ्यावर पडतो. तिथेच तो पडायला हवा.

कायद्यात याचं बीजही आहे. कपात झालेल्या कामगाराला, त्याच मालकाने वर्षभरात पुन्हा भरती केली तर, प्राधान्य मिळतं. मालक दुसरा असला की मिळत नाही. मला हवा असलेला बदल एवढाच की त्याच जागेवर, त्याच प्रकारचं काम तीन वर्षांत सुरू होत असेल तर पहिला प्रस्ताव जुन्या कामगारांना गेला पाहिजे, व्यवहाराचं नाव काहीही असो. प्रशिक्षण लागेल तर द्यावं. ज्याला घ्यायचं नाही त्याला का घ्यायचं नाही ते लेखी सांगावं. आणि यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. तळेगाव, चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथल्या औद्योगिक वसाहतींतली जमीन एमआयडीसी या राज्याच्या महामंडळाची, भाडेपट्ट्यावर दिलेली आहे. भूखंड एका कंपनीकडून दुसरीकडे जायचा तर एमआयडीसीची परवानगी लागते, त्याचं शुल्क भरावं लागतं. वर राज्य सरकार करसवलती देतं, वीजदरात सूट देतं. परवानगीच्या त्या कागदावर कामगारांबद्दल एक अट लिहिणं राज्याच्या हातात आहे. सामंजस्य करारांचे फोटो निघतात त्या दिवशी ती अट त्या करारात असली पाहिजे.

सहकारी साखर कारखान्यांबाबत तर हे सगळं आणखी तातडीचं आहे. कर्ज थकलं म्हणून बँकेने लिलावात विकलेले किंवा भाडेतत्त्वावर दिलेले कारखाने राज्यभर आहेत. नवा चालक ‘आहे तसं, आहे तिथे’ या अटीवर कारखाना घेतो, आणि कामगारांचा थकलेला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी ‘जुन्या संस्थेचं देणं’ म्हणून मागे राहते. ती जुनी संस्था म्हणजे एक कुलूपबंद कचेरी असते. हंगाम सुरू होतो, गव्हाणीत ऊस पडतो, आणि ज्याने वीस वर्षं साखर शिजवायचा पॅन सांभाळला तो गेटबाहेर मोळ्यांच्या ट्रॅक्टरमागे उभा राहून आपल्या थकबाकीचं विचारतो.

नोकरी गेली नाही म्हणजे सगळं ठीक झालं, असंही नसतं. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेली तेव्हा एक वर्ष कपात नाही अशी अट होती. ती चांगली अट होती. पण कलिन्याच्या कर्मचारी वसाहतीतली घरं त्या सौद्याबाहेर राहिली. नोकरी एकीकडे गेली, घर दुसरीकडे, आणि सहा महिन्यांत घरं रिकामी करा असं सांगण्यात आल्यावर युनियनने संपाची नोटीस दिली. त्या वेळी अनेकांना वाटलं, नोकरी वाचली तरी यांचं रडगाणं सुरूच. पण मुलाची दहावी त्याच वसाहतीजवळच्या शाळेत असते, म्हातारी आई दुसऱ्या मजल्यावर असते. मालकबदलाच्या वेळी माणसाचं काय काय बदलतं याची यादी त्याला विचारल्याशिवाय पुरी होत नाही, आणि त्याला विचारलं जात नाही.

सगळ्यात मोठा घोळका अजून यात आलाच नाही. काँट्रॅक्टवाले. त्यांचा मालक दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आणि त्याला कायदा मालकबदल म्हणतच नाही. मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या ड्रायव्हरांनी ऑगस्ट 2023 मध्ये आठवडाभर संप केला. गाडीवर बेस्टचं नाव, मार्ग बेस्टचा, प्रवासी बेस्टचे, पगार मात्र कंत्राटदाराचा, कायम ड्रायव्हरच्या तुलनेत फारच कमी. कंत्राटदार सोडून गेला की ड्रायव्हरने कुठे जायचं, याचं उत्तर कुठल्याच करारात नाही. युरोपात 1977 च्या निर्देशापासून उद्योग किंवा त्याचा भाग हस्तांतरित झाला की कामगार आपल्या नोकरीच्या अटींसकट त्याबरोबर जातो. ब्रिटनने 2006 मध्ये हा नियम कंत्राटदार बदलतो तेव्हाही स्पष्टपणे लागू केला. साफसफाईचं कंत्राट एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर झाडणारी माणसं आपल्या नोकरीच्या वर्षांसकट नव्या कंत्राटदाराकडे जातात. बड्या उद्योगपतींच्या त्या देशांत उद्योग बंद पडले नाहीत.

आमच्याजवळच्या एका मोठ्या कार्यालयात एक बाई अकरा वर्षं तिसरा मजला झाडते. पीएफच्या कागदांसाठी ती माझ्याकडे आली तेव्हा तिने प्लास्टिकच्या पिशवीतून चार ओळखपत्रं काढून टेबलावर ओळीने मांडली. चार कंत्राटदार, चार रंगांच्या दोऱ्या, फोटोतली तिची चेहरेपट्टी दर वेळी थोडी थकलेली. मजला तोच, बादली ठेवायची जागा तीच. पाच वर्षं कुठल्याच कंत्राटदाराकडे भरली नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. नव्या संहितांत मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे आणि तो स्वागतार्ह आहे, पण मुदत लिहिलेलं नेमणूकपत्र तिच्याकडे एकाही कंत्राटदाराचं नाही. मी तिचे चार पीएफ खाते क्रमांक एका खात्यात जोडून दिले. तेवढंच करता आलं.

त्या कार्यालयाची पुढची निविदा फेब्रुवारीत निघते. आधीच्या कंत्राटदाराचे कामगार त्यांच्या नोकरीच्या वर्षांसकट घ्यावेत, अशी एक अट त्या निविदेत घालायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. तसं पत्र आम्ही सतरा जणांच्या सह्यांनी दिलं आहे. त्या सह्यांमध्ये तिचीही आहे.